पेन्सिलीतला खडू

शिसपेन्सिल हातात घ्या. शिसं कुठंय त्यात? नाहीच! आत असतं ग्राफाइट. पूर्वी लोकांना ते शिशाचाच प्रकार वाटायचं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. जर्मन ‘ब्लायश्टिफ्ट’मध्येही शिसंच आहे.

मग एखादी भाषा नव्यानेच बनवायची, तर ही चूक टाळता येईल ना? डॉ. झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सातून एस्पेरांतो जगापुढे आणली. तिचे नियम एकदम साधे. ‘त्रांची’ म्हणजे कापणं, त्याला साधनाचा ‘इलो’ जोडला की ‘त्रांचीलो’, म्हणजे सुरी. चित्र काढणं म्हणजे ‘देसेग्नी’. त्यावरून पेन्सिलीला ‘देसेग्नीलो’ म्हणता आलंच असतं.

पण त्यांनी घेतला ‘क्रायोनो’. हा आला फ्रेंच ‘क्रेयाँ’वरून, तो ‘क्रे’वरून आणि ‘क्रे’ लॅटिन ‘क्रेता’वरून. अर्थ? खडू! म्हणजे शिसं टळलं, पण खडू आलाच. (लहानपणी आपण क्रेयॉनला ‘रंगीत खडू’ म्हणायचो, ते किती मुळाला धरून होतं बघा.) मला तर नियमात बसवलेल्या ‘देसेग्नीलो’पेक्षा हा खडूवाला शब्दच जास्त आवडला.

आणि एस्पेरांतोत बॉलपेनला काय म्हणतात? ‘ग्लोबक्रायोनो’. गोळीची पेन्सिल!