पंधरा पीएच.डी., सात देश आणि एक एक्सेल शीट

‘म्हणजे तू सायंटिस्ट आहेस का?’ नाही. ‘मग एचआर?’ तेही नाही. ‘इव्हेंट मॅनेजर?’ थोडीशी! फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात राहून मी काय करते, हे भारतातल्या मित्रमंडळींना सांगताना दर वेळी असा प्रश्नमंजुषेचा राउंड होतो. एका वाक्यात सांगायचं तर, युरोपभर विखुरलेल्या संशोधकांची मोट बांधणं हे माझं काम. जानेवारी २०१७ मध्ये अमॉर्फस मटेरिअल्सवर संशोधन करणारं एक नेटवर्क सुरू झालं, त्याची मी प्रोजेक्ट मॅनेजर होते. सात देश, दहा संस्था, पंधरा पीएच.डी.चे विद्यार्थी आणि त्यांचे गाइड. यातला एकही माणूस मला रिपोर्ट करत नव्हता.

आधी हे अमॉर्फस प्रकरण

शाळेची प्रार्थना आठवा. हातभर अंतर सोडून सरळ रांगा. पुढची चार मुलं दिसली की शेवटच्या रांगेत कोण कुठे उभं असेल, हे डोळे मिटून सांगता येतं. मीठ, हिरा, लोखंड यांच्यातले अणू असेच उभे असतात. हे झाले स्फटिक. आता सकाळी नऊ वाजताचा दादरचा पूल आठवा. आपल्याला अगदी खेटून किती जण आणि किती अंतरावर, हे साधारण ठरलेलं. पण दहा माणसांपलीकडे कसलीही शिस्त नाही. तो पूल आहे तसा गोठवला, की झालं अमॉर्फस मटेरिअल! खिडकीची काच हे त्याचं सगळ्यात घरगुती उदाहरण.

धातूचीही काच होते हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उडालेच. १९६० मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये पोल ड्युवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनं आणि सिलिकॉनचं वितळलेलं मिश्रण सेकंदाला सुमारे दहा लाख अंश एवढ्या वेगाने थंड केलं. अणूंना रांगा लावायला वेळच मिळाला नाही. आज अशाच लोखंडी मिश्रणाच्या पट्ट्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात वापरतात, कारण त्यात वीज कमी वाया जाते. युरोपचा वाटाही मोठा आहे. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात वॉल्टर स्पिअर आणि पीटर लकोम्बर यांनी अमॉर्फस सिलिकॉनमध्ये मोजून भेसळ केली, आणि त्याचे विजेचे गुण हवे तसे बदलता येतात हे दाखवून दिलं. कॅल्क्युलेटरवरची ती तपकिरी सोलर पट्टी आणि लॅपटॉपचे सपाट स्क्रीन, दोन्हींचा रस्ता तिथून मोकळा झाला.

नेटवर्क कशाला?

कारण एकट्याचं हे काम नव्हे. वितळलेला धातू गरगर फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडायचा आणि केसापेक्षाही पातळ पट्टी काढायची, यात हातखंडा असलेली लॅब एका देशात. आतले अणू कसे बसलेत हे बघायला सिंक्रोट्रॉनचा जबरदस्त एक्स-रे लागतो. ग्रेनोबलमध्ये द्राक आणि इझेर नद्यांच्या संगमाजवळ ८४४ मीटर घेराची अशी एक रिंग आहे, तिचं नाव ईएसआरएफ. आणि जे दिसलं त्याचं गणित कॉम्प्युटरवर मांडणारा ग्रुप तिसऱ्याच देशात.

पैसे युरोपियन युनियनचे. २०१४ ते २०२० या काळातल्या होरायझन २०२० कार्यक्रमात मारी स्क्लोडोव्हस्का-क्युरी नावाची योजना होती, त्यातून. नियम कडक. किमान तीन देशांतल्या तीन संस्था हव्यात. विद्यार्थ्यांच्या पगाराचे मिळून जास्तीत जास्त ५४० महिने. एकाला ३६, म्हणजे ५४० भागिले ३६, बरोबर पंधरा विद्यार्थी. संपूर्ण प्रोजेक्ट चार वर्षांचा. माणसं निवडण्यातच पहिलं वर्ष सरत येतं, त्यामुळे उरलेल्या काळात मार्जिन जवळपास शून्य.

त्यात मोबिलिटीचा नियम. ज्या देशात नोकरी, त्या देशात आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. जर्मनीत एमएस्सी केलेली पुण्याची एक मुलगी आमच्या जर्मन पार्टनरची पहिली पसंती होती. नियमात बसेना. मी तिला फोन करून विचारलं, इटली चालेल का? तिला चाललं. जर्मन प्राध्यापक मात्र आठवडाभर माझ्याशी मोजून-मापून बोलत होते.

सीसी कुणाला मारणार?

तुमच्या ऑफिसात डेडलाइन हुकली की मेलमध्ये वरच्या साहेबाला सीसी मारता येतो. इथे वरचं कुणी नाही. प्रत्येक प्राध्यापक आपापल्या संस्थानाचा राजा. ऑगस्टमध्ये अर्धं फ्रान्स आणि अर्धी इटली सुट्टीवर. दहा जणांची एक मीटिंग ठरवायला मला एकदा अकरा दिवस लागले होते!

एक युक्ती मात्र सापडली. ‘रिपोर्ट लवकर पाठवा, ब्रसेल्सला द्यायचाय’ असं लिहिलं की कुणी ढिम्म हलत नाही. ‘तुमच्या आकड्यांशिवाय अमुक मुलाचं पुढचं काम अडलंय’ असं लिहिलं की संध्याकाळपर्यंत उत्तर येतं. ब्रसेल्सलाही हे चांगलंच ठाऊक आहे. प्रोजेक्टच्या मध्यावर तिथला अधिकारी येतो, गाइड लोकांना खोलीबाहेर काढतो आणि फक्त विद्यार्थ्यांशी बोलतो. त्या एका तासाचं टेन्शन भल्याभल्या प्राध्यापकांना येतं.

वाकणारी पट्टी, तुटणारी पट्टी

२०१८ च्या उन्हाळ्यात पुण्याच्या त्याच मुलीच्या कामाला ब्रेक लागला. लोखंडाचं एकच मिश्रण, एकच फॉर्म्युला, पट्ट्या दोन देशांतल्या दोन लॅबमधून आलेल्या. एकीची पट्टी वाकवली तर कागदासारखी दुमडायची. दुसरीची कडकन तुटायची. मोजमापंही जुळेनात. दोन्ही लॅबना खात्री, की चूक समोरच्याची. महिन्याच्या व्हिडिओ कॉलवर सगळे इतके सभ्य बोलत होते की भीती वाटावी. आणि कॉल संपल्यावर हिचा मला मराठीत फोन, ‘‘ताई, माझंच काही चुकलं असेल का? वर्षभराचं काम आहे हो.’’

दोन्ही लॅबच्या वह्या मागवून आम्ही रिळं जुळवत बसलो. उत्तर निघालं ते असं. एकीकडे चाक हळू फिरलं होतं, त्यामुळे पट्टी जाड झाली आणि जाड म्हणून सावकाश थंड झाली. शिवाय त्यातलं एक रीळ मोजण्याआधी ओव्हनमध्ये थोडा वेळ तापवलं होतं. दोन्ही लॅब बरोबर होत्या. दोन पट्ट्या मात्र एकच वस्तू नव्हती.

अमॉर्फस मटेरिअलची खरी गोम इथे आहे. मिठाचा स्फटिक कुठलाही घ्या, रांग तीच. काचेचं तसं नाही. ती किती वेगाने थंड झाली, नंतर किती तापली, किती काळ पडून राहिली, हे सगळं तिच्या आत साठून राहतं. नुसता फॉर्म्युला सांगून भागत नाही, पूर्वायुष्यही सांगावं लागतं. अशा वस्तूवर दहा ठिकाणी काम करायचं, तर प्रत्येक तुकड्याची जन्मपत्रिका कुणीतरी ठेवायलाच हवी.

मग मी एक एक्सेल शीट काढली. कुणी बनवलं, कधी, चाकाचा वेग, जाडी, किती अंशांवर किती वेळ तापवलं, आता कुणाकडे आहे. नियम एकच, शीटमध्ये ओळ नाही तर पार्सल नाही. सुरुवातीला कुरकुर झाली. ‘आम्ही क्लार्क आहोत का?’ असंही ऐकलं. दोन महिन्यांनी तेच लोक शीट अपडेट नसली की मला रागावायला लागले.

रिंग बंद, घड्याळ चालू

डिसेंबर २०१८ पासून ऑगस्ट २०२० पर्यंत ईएसआरएफची रिंग नूतनीकरणासाठी बंद राहणार होती. हे आधीच जाहीर झालं होतं, म्हणून आम्ही हॅम्बर्ग, त्रिएस्ते आणि ऑक्सफर्डशायरमधल्या सिंक्रोट्रॉनवर अर्ज केले होते. तिथे वेळ विकत मिळत नाही. प्रस्ताव लिहायचा, समितीने निवडला तर काही दिवस मिळतात, आणि मग रात्रंदिवस जागून मोजायचं. त्यात इटलीत राहणाऱ्या भारतीय मुलीला इंग्लंडला जायला वेगळा व्हिसा. प्रयोगाची तारीख एकीकडे आणि व्हिसाची दुसरीकडे, हे गणित जमवण्यात २०१९ गेलं.

आणि मार्च २०२० मध्ये सगळंच बंद झालं. लॅब बंद, सीमा बंद. ब्रसेल्सकडून प्रोजेक्टची मुदत वाढवून घ्यायची सोय झाली, जादा पैसे मात्र नाहीत. म्हणजे थिसिसला वेळ मिळाला, पगार मात्र २०२० च्या शरद ऋतूत संपणार.

त्या दिवसांत काही सिंक्रोट्रॉननी नमुने पोस्टाने मागवायला सुरुवात केली. तुम्ही पाठवा, आमची माणसं मोजतील. इथे ती कंटाळवाणी शीट कामाला आली. ज्याने तो तुकडा कधी पाहिलेला नाही अशा माणसालाही तो काय आहे, कुठून आला, त्याच्यावर काय काय झालंय, हे एका ओळीत कळत होतं. सहा विद्यार्थ्यांची मोजमापं त्यामुळे वाचली.

पगाराचा प्रश्न शीटने सुटला नाही. मी दहाही संस्थांना फोन केले. काहींनी स्वत:च्या खिशातून तीन-चार महिने दिले. एका संस्थेने नियमावर बोट ठेवून सरळ नकार दिला. पुण्याची मुलगी २०२१ मध्ये डॉक्टर झाली. तिच्याबरोबर सुरुवात केलेल्या एका हुशार मुलाने पैसे संपल्यावर नोकरी धरली, आणि त्याचा थिसिस अजून अर्धाच आहे. नेटवर्कच्या अंतिम रिपोर्टमध्ये याला एक ओळ आहे. माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे.

लग्नात सगळी धावपळ करणारा मामा फोटोत कुठेच नसतो. को-ऑर्डिनेशनचंही तसंच. पेपरवर नाव येत नाही, फार तर शेवटी आभारात. पण पंधरा जणांची तीन-तीन वर्षं एकमेकांच्या पार्सलवर अवलंबून असतात, तेव्हा मामा लागतोच.

तुम्हाला जायचंय?

- आता होरायझन युरोप (२०२१ ते २०२७) कार्यक्रमात हीच कल्पना ‘डॉक्टोरल नेटवर्क्स’ या नावाने चालते. नागरिकत्वाची अट नाही. भारतातून थेट अर्ज करता येतो. आधीची पीएच.डी. मात्र नसावी.

- अर्ज ब्रसेल्सला नाही, त्या त्या नेटवर्कच्या जाहिरातीला करायचा. जाहिराती युरॅक्सेस या पोर्टलवर येतात.

- १२ आणि ३६ महिन्यांचा नियम आधी तपासा. युरोपात मास्टर्स करत असाल तर दुसऱ्या देशातली जागा शोधा.

- इंटरव्ह्यूत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ म्हणतील. लाजू नका, तीन गोष्टी विचारा. माझे नमुने कोण बनवणार? मोजमापाची वेळ कुणाच्या नावावर आहे? आणि ३६ महिन्यांत थिसिस झाला नाही, तर सदतिसाव्या महिन्याचा पगार कोण देणार?