निवासी इमारतींमधील अदृश्य जलगळती : शोधाची पद्धती आणि तिचा क्रम

सारांश : घरातील छुपी जलगळती ओळखण्यासाठी सर्वसाधारणपणे सुचविली जाणारी जलमापक-चाचणी अखंड पाणीपुरवठा आणि प्रत्येक घरास स्वतंत्र मापक या दोन गृहीतकांवर आधारलेली आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य सहकारी गृहनिर्माण संस्थांत ही दोन्ही गृहीतके लागू पडत नाहीत. प्रस्तुत लेखात अशा इमारतींसाठी टाकीच्या पातळीवर आधारित चाचणी, ओलीच्या उगमाचे निदान, उपलब्ध उपकरणांची क्षमता व मर्यादा आणि गळतीचे दायित्व यांचा विचार केला आहे.

बीजशब्द : जलगळती, पाझर, जलमापक, साठवण टाकी, ओल, गृहनिर्माण संस्था.

१. प्रास्ताविक

इमारतीतील गळती म्हटली की सामान्यतः छतावरील ओलसर डाग, भिंतीचे सुटलेले पोपडे किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यातील बुरशी डोळ्यांसमोर येते. ही सर्व गळतीची लक्षणे होत; प्रत्यक्ष गळती नव्हे. पाणी ज्या ठिकाणी दिसते त्याच ठिकाणी ते नळातून बाहेर पडलेले असते असे नाही. काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रे, फरशीखालील भराव, स्लॅबचा उतार आणि विजेच्या तारांसाठी टाकलेल्या नळ्या यांच्या वाटेने ते कित्येक फूट अंतर कापून मग प्रकट होते. परिणामी डाग दिसताच तेथील फरशी फोडली जाते, खर्च होतो आणि काही आठवड्यांनी डाग पुन्हा उमटतो. यातून वरच्या व खालच्या मजल्यावरील सदनिकाधारकांत उद्भवणारे वाद गृहनिर्माण संस्थांच्या सभांना परिचित आहेत. म्हणूनच गळती 'बुजविण्या'आधी ती 'शोधण्या'चे शास्त्र समजून घेणे अगत्याचे ठरते.

२. टाकीआड दडणारी गळती

गळतीविषयक मार्गदर्शनात पुढील चाचणी आढळते : घरातील सर्व नळ बंद करावेत, जलमापकाचा आकडा टिपावा आणि तासा-दोन तासांनी तो पुन्हा पाहावा, आकडा बदलला असल्यास गळती आहे असे समजावे. पाश्चात्त्य देशांतील स्वतंत्र घरांना ही चाचणी चपखल लागू पडते, कारण तेथे नळात चोवीस तास दाब असतो आणि मापकानंतर पाणी थेट घरातील नळांत जाते.

महाराष्ट्रातील शहरी इमारतीची रचना निराळी असते. नगरपालिकेचे पाणी बहुधा ठरावीक तासच येते. ते मापकातून जमिनीखालील टाकीत पडते, तेथून पंपाने गच्चीवरील टाकीत चढविले जाते आणि उभ्या नळांद्वारे सदनिकांत उतरते. मापक या साखळीच्या आरंभी असल्यामुळे त्याचे फिरणे म्हणजे केवळ खालची टाकी भरत असल्याची खूण होय. मापक थांबलेला असतानाही गच्चीवरील टाकीतून आलेले पाणी पाचव्या मजल्यावरील भिंतीत रात्रभर झिरपत राहू शकते. याखेरीज, टाकी भरत आली की तरंगता व्हॉल्व्ह प्रवाह अगदी बारीक करतो. मापकाच्या किमान संवेदन-मर्यादेखालील असा प्रवाह नोंदलाच जात नाही. सारांश, टाकीमुळे रहिवाशांची सोय होते, परंतु तीच टाकी गळतीवर पडदाही टाकते.

या पडद्याआड किती पाणी जाऊ शकते याचा अंदाज साध्या गणिताने येतो. भूमिगत मलवाहिन्या असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण भारतात नियोजनासाठी वापरले जाते. मिनिटाला १०० मिलिलिटर, म्हणजे साधारण अर्धा पेला पाणी झिरपले, तर दिवसाकाठी १४४ लिटर वाया जाते. एका माणसाच्या गरजेहूनही हे अधिक आहे. गच्चीवरील टाकीच्या पातळीखाली २० मीटरवर असलेल्या नळास १ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पडले, तर प्रवाहाच्या प्रचलित सूत्रानुसार (निर्गम गुणांक ०.६ धरून) तासाला सुमारे ३३ आणि दिवसाला सुमारे ८०० लिटर पाणी बाहेर पडते. हे सहा माणसांचे पाणी होय.

३. टाकी हाच मापक : रात्रीची चाचणी

टाकीमुळे गळती झाकली जात असली, तरी तिचा उलगडाही टाकीच करू शकते. टाकीचे आतील क्षेत्रफळ ज्ञात असेल, तर तिची पातळी हेच एक विश्वासार्ह मापन ठरते. ३ मीटर लांब व २ मीटर रुंद टाकीत पातळी १ सेंटीमीटरने उतरणे म्हणजे ६० लिटर पाणी बाहेर जाणे होय. त्यासाठी एक मोजपट्टी आणि विजेरी पुरेशी आहे.

चाचणीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा.

(अ) पाणीवापर किमान असतो अशा वेळी, साधारणतः रात्री १ ते ४ या दरम्यान, पंप बंद ठेवून गच्चीवरील टाकीत पडणारे पाणी पूर्णपणे थांबवावे.

(आ) टाकीतून निघणाऱ्या सर्व उभ्या नळांचे व्हॉल्व्ह बंद करून तासाभराच्या अंतराने पातळी टिपावी. या स्थितीतही पातळी उतरली, तर टाकीच्या भिंती, तळ किंवा बंद न होणारा व्हॉल्व्ह यांपैकी एक दोषी असतो.

(इ) पातळी स्थिर राहिल्यास एकेका उभ्या नळाचा व्हॉल्व्ह उघडून प्रत्येकासाठी स्वतंत्र नोंद घ्यावी. एखाद्या रहिवाशाने रात्री पाणी वापरले असण्याची शक्यता असते. म्हणून तीच चाचणी दोन-तीन रात्री करून सर्वांत कमी घट ग्राह्य धरावी. वापर अधूनमधून होतो, गळती मात्र सतत चालते.

(ई) ज्या उभ्या नळावर सातत्याने घट आढळते, त्यावरील सदनिकांचे मुख्य कॉक मजल्यामजल्याने बंद करीत जावे. ज्या सदनिकेचा कॉक बंद होताच घट थांबते, तेथे शोध सीमित होतो. सर्व कॉक बंद करूनही घट सुरूच राहिली, तर दोष उभ्या नळातच आहे असे समजावे.

उदाहरणार्थ, वर उल्लेखिलेल्या टाकीत एकाच नळावर तीन तासांत २ सेंटीमीटर घट दिसली, तर १२० लिटर, म्हणजे तासाला ४० लिटर पाणी जात आहे. हाच दर कायम राहिल्यास दिवसाला ९६० लिटर होतात.

जमिनीखालील टाकीसाठीही हीच रीत वापरता येते. मात्र तेथे पातळी वाढते का हेही पाहावे. पावसाळ्यात भूजल टाकीच्या तड्यांतून आत येऊ शकते. शेजारून सांडपाण्याची वाहिनी जात असल्यास हा प्रश्न अपव्ययाचा न राहता आरोग्याचा होतो.

सदनिका निश्चित झाल्यावर प्रथम शौचालयाची फ्लश-टाकी तपासावी. टाकीत खाद्यरंग टाकून अर्धा तास फ्लश न वापरता भांड्यात रंग उतरतो का ते पाहिल्यास तिचा दोष कळतो. भिंतीतील गळती समजून शोधले जाणारे पाणी अनेकदा येथेच सापडते.

४. डाग आणि उगम

पातळी-चाचणीने गळती आहे की नाही हे कळते. परंतु ओल दिसत असूनही पातळी स्थिर राहिली, तर पाण्याचा उगम दाबाखालील नळात नाही, एवढा महत्त्वाचा निष्कर्ष हाती येतो. अशा वेळी ओलीचे वेळापत्रक निर्णायक ठरते.

अखंड पुरवठा असलेल्या नळातील गळतीची ओल दिवसरात्र सारखी राहते. संस्थेकडून सदनिकांना ठरावीक तासच पाणी सोडले जात असेल, तर ओल त्या तासांनंतर वाढते. स्नान, धुणे किंवा भांडी यांनंतर वाढणारी ओल सांडपाण्याच्या वाटेकडे निर्देश करते. केवळ जून ते सप्टेंबरमध्ये दिसणारी ओल बहुधा गच्ची, बाह्य भिंतीतील तडे किंवा खिडकीच्या सांध्यांतून येते. तळमजल्यावर जमिनीलगत सुरू होऊन वर विरत जाणारी ओल केशाकर्षणाने चढलेली असते. हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर जमूनही ओल दिसते. ती ओळखण्यासाठी प्लास्टिकचा तुकडा कडा चिकटवून एक-दोन दिवस भिंतीवर ठेवावा. खोलीकडील बाजूस थेंब जमल्यास ते हवेतील बाष्प. भिंतीकडील बाजूस जमल्यास पाणी भिंतीतून येत आहे.

गळणाऱ्या पाण्यातील उर्वरित क्लोरीनही उपयुक्त पुरावा देतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार त्याचे किमान प्रमाण लिटरला ०.२ मिलिग्रॅम असावे. ग्रामपंचायतींना परिचित असलेल्या ओ.टी. चाचणीत पाण्यास पिवळा रंग आला, तर ते पाणी नळाचे असण्याची शक्यता बळावते. रंग न आल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही. कारण साठवणीत आणि काँक्रीटमधून झिरपताना क्लोरीन नष्ट होतो.

५. सांडपाण्याच्या वाटेची तपासणी

बुडीत स्लॅबच्या न्हाणीघरात फरशीखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा किंवा अन्य भराव असतो. जलरोधक थर फाटला की हा भराव एका छुप्या टाकीसारखा वागतो : तो सावकाश भरतो आणि सावकाशच रिकामा होतो. त्यामुळे दुरुस्तीनंतरही काही आठवडे खालच्या छतावर ओल राहू शकते. केवळ तेवढ्यावरून दुरुस्ती फसली असे ठरविणे घाईचे होईल.

येथे दोन चाचण्या क्रमाने कराव्यात. प्रथम नहाणी ट्रॅपचे तोंड घट्ट बंद करून फरशीवर २ ते ३ सेंटीमीटर पाणी २४ ते ४८ तास साठवावे व खालच्या छताचे निरीक्षण करावे. त्यानंतर फरशी कोरडी ठेवून केवळ ट्रॅपमध्ये रंगीत पाणी ओतावे. पहिल्या चाचणीत ओल वाढल्यास फरशीचे सांधे व जलरोधक थर सदोष. दुसऱ्या चाचणीत रंग उतरल्यास ट्रॅप अथवा त्याचा सांधा सदोष. दोन्ही चाचण्या एकाच वेळी केल्यास निदान अशक्य होते.

६. उपकरणे : क्षमता आणि मर्यादा

दाबमापक : सदनिकेचा मुख्य कॉक व सर्व नळ बंद करून एका नळावर दाबमापक जोडावा. अर्ध्या तासात काटा लक्षणीय उतरला तर नळात गळती संभवते. प्लास्टिकचे नळ दाबाने व तापमानाने किंचित प्रसरण पावत असल्याने आरंभीची अल्प घट दुर्लक्षावी.

ध्वनिशोधक : छिद्रातून दाबाने निसटणारे पाणी आवाज करते. धातूच्या नळातून हा आवाज दूरवर जातो. म्हणून जुन्या जस्तलेपित लोखंडी नळांवर हे साधन प्रभावी ठरते. प्लास्टिकचे नळ आवाज शोषून घेत असल्याने नव्या इमारतींत त्याची उपयुक्तता घटते. सांडपाण्याच्या वाहिन्यांत दाब नसल्याने तेथे ते निरुपयोगी आहे.

अवरक्त कॅमेरा : हा कॅमेरा भिंतीच्या आत पाहत नाही, तो पृष्ठभागाचे तापमान दाखवितो. बाष्पीभवनामुळे ओलसर भाग किंचित थंड असतो, एवढाच त्याचा आधार. कोकणातील पावसाळी दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि हा फरक पुसट होतो. कोरड्या ऋतूत तो अधिक स्पष्ट दिसतो. गिझरच्या नळातील गळती गरम पाणी सोडून पाहिल्यास सुलभतेने दिसते.

आर्द्रतामापक : हे उपकरण बहुधा विद्युतरोध मोजते. भिंतीत साचलेल्या क्षारांमुळेही रोध घटतो, म्हणून एकट्या आकड्यावर विसंबू नये. भिंतीवर चौकटी आखून सर्व ठिकाणच्या नोंदींची तुलना केल्यास ओलीचा उगम कोणत्या दिशेस आहे ते कळते.

शोधवायू : रिकाम्या केलेल्या नळात ५ टक्के हायड्रोजन व ९५ टक्के नायट्रोजन यांचे ज्वलनशील नसलेले मिश्रण भरून, फरशीवर हायड्रोजन कोठे उमटतो ते संवेदकाने पाहतात. ही पद्धत खर्चिक आहे, परंतु प्लास्टिकच्या नळांनाही लागू पडते.

कोणतेही उपकरण प्राथमिक चाचण्यांचा पर्याय होऊ शकत नाही. शोधाचे क्षेत्र सीमित झाल्यानंतरच ते कामास येते.

७. परिणाम आणि दायित्व

काँक्रीटमधील तीव्र अल्कधर्मी वातावरणामुळे सळ्यांवर संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायॉक्साइडमुळे ही अल्कता कालांतराने घटते आणि त्यात सततच्या ओलीची भर पडली की सळ्या गंजतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने काँक्रीट आतून फुटते. छताचा गिलावा कोसळणे ही या प्रक्रियेची उशिरा दिसणारी खूण होय. तसेच नळातील पाणी बंद होताना आत निर्माण होणाऱ्या शोषामुळे छिद्राभोवतीचे दूषित पाणी नळात ओढले जाऊ शकते. ज्या छिद्रातून पाणी बाहेर जाते, त्याच छिद्रातून दूषित पाणी आत येते.

खर्चाच्या दायित्वाबाबत महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत स्पष्ट विभागणी आहे. पावसाचे पाणी, बाहेरील सामाईक जलवाहिनी आणि सांडपाण्याची सामाईक वाहिनी यांमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते; सदनिकेतील शौचालय, सिंक इत्यादींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाचा असतो. म्हणजेच दायित्व डागाच्या जागेवरून ठरत नाही, तर उगमाच्या जागेवरून ठरते. उगम सिद्ध केल्याविना कोणास दोषी धरणे तांत्रिक व नैतिक अशा दोन्ही दृष्टींनी अयोग्य होय. याच उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतींची ३ वर्षांतून एकदा अपेक्षित आहे. टाकीच्या पातळी-चाचणीच्या नोंदी या तपासणीस जोडल्यास तिचे मूल्य निश्चितच वाढेल.

८. निष्कर्ष

(१) साठवण टाक्यांवर आधारलेल्या इमारतींत जलमापकावरून छुपी गळती कळत नाही. त्यासाठी टाकीची पातळीच मापक म्हणून वापरावी लागते.

(२) शोधाचा क्रम टाकी, उभा नळ, सदनिका, उपकरण व शेवटी फरशी असा असावा. प्रत्यक्षात तो बहुधा फरशीपासून सुरू होतो, हेच अपयशाचे प्रमुख कारण होय.

(३) दाबाखालील नळ, सांडपाण्याची वाट आणि पाऊस हे तीन उगम ओलीच्या वेळापत्रकावरून बऱ्याच अंशी वेगळे करता येतात.

(४) मोजपट्टी, खाद्यरंग आणि नोंदवही एवढ्या साधनांनी प्राथमिक निदान शक्य आहे. महाविद्यालयांची वसतिगृहे व कर्मचारी निवासस्थाने याच रचनेची असल्याने, तेथे विद्यार्थ्यांच्या सहभागाने ही चाचणी नियमित करता येण्याजोगी आहे. तिच्यातून वाचणारे पाणी मोजता येते आणि मोजता येणाऱ्या पाण्याचीच जबाबदारी घेतली जाते.