लुटारू माशी : फोटोवरून कशी ओळखाल?



तळवड्याला इंद्रायणीकाठी मळ्यात फिरताना बांधावरच्या काडीवर उन्हात टपून बसलेली एक लांबट, करडी माशी दिसते. ‘ही गोमाशी, गुरांना चावणार’ म्हणून पुष्कळजण तिला मारतात. थांबा! ही लुटारू माशी. ती गुरांचं रक्त पीत नाही. उडते किडे पकडून त्यांत सोंड खुपसते, त्यांना बधिर करते आणि आतला रस शोषते. नाकतोडे, पतंग, माश्या हे तिचं खाद्य. कधी मधमाशीही धरते, हेही खरं.

ओळखीच्या खुणा
१) दोन डोळ्यांच्या मधे, डोक्याच्या माथ्यावर खोलगट खाच.
२) तोंडावर राठ केसांची मिशी.
३) काटेरी, दणकट पाय.
४) पंख दोनच, मधमाशीला चार असतात.
गोमाशीला अशी खाच नि मिशी नसते.

एकसारख्या दिसणाऱ्या जाती
जगात हिच्या ७,००० हून जास्त जाती आहेत. काडीसारखी बारीक, लांब पोटाची असेल तर लेप्टोगॅस्टर गटाकडे बघावं. मिशांचं म्हणजे शृंगिकांचं टोक पिसासारखं असेल तर ओमॅटियस. जाड, केसाळ, भुंग्यासारखी असेल तर लाफ्रिया गट. पण करड्या जाती वरून अगदी एकसारख्या दिसतात. त्यांचा निवाडा पंखांच्या शिरांवर आणि नराच्या पोटाच्या टोकावर होतो. म्हणून एका फोटोवर जातीचं नाव ठोकून देऊ नये.

फोटो कसा काढावा?
सकाळी गारव्यात ती सुस्त असते, तेव्हा जावं. उडाली तरी घाई नको. बहुधा त्याच काडीवर परत येते. चार फोटो घ्यावेत : समोरून तोंड, बाजूनं अंग, वरून पंख आणि पोटाचं टोक. तारीख, गाव, पीक आणि तोंडात कोणता किडा होता, हे लिहून ठेवावं. हातात मात्र धरू नका, जोरात डसते.

आणखी एक. हिची अळी बहुधा जमिनीत राहून इतर किड्यांच्या अळ्या खाते. ती पांढरी, बिनपायाची असते. हुमणीला तीन जोड्या पाय असतात आणि अंग वाकडं असतं. नांगरताना दोन्हींची गल्लत करू नका.

प्राण्यांच्या जाती ओळखण्याचं काम करणारं भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आपल्या जवळच, आकुर्डीला आहे. जातीचं नाव तज्ज्ञ सांगतील. आपण एवढं करावं : फवारणीचा पंप पाठीवर घेण्याआधी पिकात एक फेरी मारावी आणि शत्रू कोण, मित्र कोण, हे नीट पाहून घ्यावं.