मुलांचें स्वरवाचन आणि कोमल-तीव्र स्वर

पुस्तकांतील स्वरलिपि पाहून मुलांनीं सरगम म्हणावी, ही हौस आतां पुष्कळ घरांतून दिसते. हौस स्तुत्य खरी. परंतु पाठ नसलेलें पान पुढें ठेवलें, कीं बहुतेक मुलें स्वराखालच्या रेघेकडे काणाडोळा करून सारे स्वर शुद्धच म्हणतात. भैरवाचा बिलावल होतो आणि गाणारास त्याचा पत्ताहि नसतो. असें मूल गुरुजींनीं घोटून घेतलेल्या चार चिजा गाईल. पांचवी चीज पुस्तकांतून आपली आपण उचलणें त्यास साधणार नाहीं.

दोष मुलांचा थोडा, स्वरनामांचा अधिक. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लिपींत कोमल स्वराखालीं आडवी रेघ व तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. खूण सुटसुटीत, पण ती डोळ्यांपुरती. रिषभ शुद्ध असो वा कोमल, तोंडानें म्हणावयाचें ‘रे’च. स्वर बारा आणि उच्चार सात! इंग्लंडांत जॉन कर्वेन (१८१६–१८८०) यांनीं सारा ग्लोव्हर या बाईंची पद्धति घेऊन ‘टॉनिक सोल्फा’ प्रचारांत आणली. त्याच वळणाच्या, आज रूढ असलेल्या नांवांत स्वर चढला कीं ‘फा’चा ‘फी’ होतो, उतरला कीं ‘मी’चा ‘मे’. कान चुकूं लागला तरी जीभ त्यास सावध करते. आपल्याकडेहि दक्षिणेंत सतराव्या शतकांत व्यंकटमखीनें र-रि-रु, ग-गि-गु अशीं अक्षरें योजिलीं होतीं. गातांना मात्र तेथेंहि ‘रि’च म्हणतात.

मग आपणहि नवीं नांवें घ्यावीं काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. उसन्या अक्षरांची संवय उद्यां गुरुजींपुढें बसतांच मोडावी लागेल. त्यापेक्षां प्रत्येक विकृत स्वराची ओळख त्याच्या शेजाऱ्याकडून करून द्यावी. कोमल रिषभ षड्जाला खेटून बसतो, कोमल धैवत पंचमाला. तीव्र मध्यम खालून पंचमाकडे धांव घेतो. तंबोरा लावून (तो हल्लीं भ्रमणध्वनींतूनहि वाजतो) ‘सा – शुद्ध रे – सा’ व लगेच ‘सा – कोमल रे – सा’ असें आलटून पालटून म्हणवावें. अंतर लहान झालें हें मुलाच्या कानास आपोआप कळतें. भैरवाचा आंदोलित रिषभ असा सपाट म्हणवणें कांहीं जाणत्यांस रुचणार नाहीं. परंतु वाचनाचा पाठ निराळा, रागाचा निराळा.

पेटीविषयीं मात्र सावध असावें. पांढरी एकमध्यें षड्ज धरला, तर पांचहि विकृत स्वर काळ्या पट्ट्यांवर येतात, आणि ‘काळी म्हणजे कोमल’ अशी मुलांची समजूत होते. तींत तीव्र मध्यमाचीहि गणना होते, हें आणखी विशेष! षड्ज काळी एकवर नेला कीं कोमल रिषभ पांढरी दोनवर जातो, आणि सारें ज्ञान कोसळतें. स्वर बोटानें शोधण्याची संवय लागली, कीं कान आळसावतो. पेटी असावीच, पण ताळा पाहण्यापुरती. आधीं मुलानें म्हणावें, मग पट्टी दाबावी.

दुसरी फसवणूक पाठांतराची. यमनची सरगम मुलास येते म्हणून त्यास तीव्र मध्यम वाचतां येतो, असें नव्हे. तेच स्वर उलटसुलट मांडून पांच-सहा स्वरांची नवी ओळ घरच्या कोणीं रोज लिहून द्यावी. काकूंना वा आजीला हें सहज जमेल. म्हणण्यापूर्वीं मुलानें रेघ असलेल्या स्वरांवर बोट ठेवावें, त्यांचा शेजारी मनांत म्हणावा, मगच आवाज काढावा. यमन, काफी, भैरव असा क्रम आम्हांस सोयीचा वाटतो. त्यानंतर खमाज घ्यावा. त्यांत चढतांना शुद्ध निषाद व उतरतांना कोमल, म्हणजे एकाच नांवाचीं दोन रूपें एकाच ओळींत येतात. खरी परीक्षा येथें होते. ललितांत दोन्ही मध्यम लागोपाठ येतात. तें पान पुष्कळ पुढें, मूल खमाज न अडखळतां वाचूं लागल्यावर उघडावें.