चित्रकथी परंपरा

चित्रकथी ही चित्रांच्या साहाय्याने कथा गाऊन व सांगून सादर करण्याची महाराष्ट्रातील एक लोकपरंपरा आहे. ही कला सादर करणाऱ्या कलावंतालाही 'चित्रकथी' असेच म्हणतात. रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील आख्याने, विशेषतः युद्धप्रसंग, हा तिचा मुख्य विषय आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळचे पिंगुळी ही गावे या परंपरेशी प्रामुख्याने जोडली जातात.

इतिहास

'चित्र' आणि 'कथा' या शब्दांपासून हे नाव तयार झाले आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या 'मानसोल्लास' या १२व्या शतकातील संस्कृत ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आढळतो. पिंगुळीतील ठाकर समाजाच्या कलावंतांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय लाभला होता. पैठण परिसरातून मिळालेल्या चित्रांमुळे 'पैठण शैली' ही संज्ञा रूढ झाली. या शैलीतील चित्रांचा महत्त्वाचा संग्रह पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे.

पोथी आणि सादरीकरण

एका आख्यानाच्या चित्रसंचास 'पोथी' म्हणतात. चित्रे सुट्या कागदांवर काढलेली असून अनेकदा दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात. प्रथम गणपती व सरस्वती यांचे स्तवन होते. त्यानंतर कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांसमोर उभे धरतो आणि गायन, निवेदन व संवाद यांतून प्रसंग उलगडतो. साथीला वीणा, टाळ आणि हुडुक ही वाद्ये असतात. संहिता मुख्यतः मौखिक असल्याने वर्णन लांबवणे किंवा आवरते घेणे हे कथेकऱ्याच्या हाती असते.

युद्धप्रसंगांचे चित्रण

पैठण शैलीत आकृत्या ठसठशीत, डोळे मोठे व रेषा जाड असतात. लढणारे वीर बहुधा समोरासमोर उभे असतात आणि मधली जागा बाणांनी भरून जाते. दोन्ही पक्षांचे योद्धे सारख्याच आकाराचे व सारख्याच अलंकारांनी नटलेले दिसतात. रावण किंवा इंद्रजित यांना क्षुद्र दाखवले जात नाही. त्यांचे सामर्थ्य कमी दाखवल्यास नायकाचा विजयही उणा ठरला असता.

मूळ महाकाव्यांपेक्षा लोकप्रचलित आख्यानांना येथे मोठे स्थान आहे. अहिरावण-महिरावण कथेत राम-लक्ष्मणांना पाताळात नेले जाते व हनुमान त्यांची सुटका करतो. बभ्रुवाहनाच्या आख्यानात अर्जुन स्वतःच्याच पुत्राच्या हातून रणात पडतो आणि नंतर नागलोकीच्या मण्याने जिवंत होतो. अशा कथांत युद्धाचा निकाल केवळ शौर्याने लागत नाही. आप्तांमधील संघर्ष आणि शोक हाही श्रोत्यांच्या ओळखीचा विषय असतो.

श्रद्धा आणि प्रतिसाद

पारंपरिक श्रोत्यांसाठी चित्र दाखवणे हे केवळ मनोरंजन नसून देवतेचे दर्शनही होते. पोथीची पूजा केली जाई. जीर्ण चित्रे टाकून न देता पाण्यात विसर्जित करण्याची प्रथा होती. त्यामुळे फार जुनी चित्रे कमी उरली असून उपलब्ध नमुने मुख्यतः १८व्या-१९व्या शतकांतील मानले जातात. संग्रहालयात चित्र टिकते, परंतु तेथे ते आवाजाविना पाहिले जाते. एरवी कथेचा मोठा भाग त्या आवाजातच असतो.

ॲनिमेशनशी नाते

चित्रकथीतील चित्र स्थिर असते. चित्रांचा क्रम, स्वर आणि ताल यांतून गतीचा भास निर्माण होतो. पिंगुळीतील चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात मात्र पडद्यावर हलत्या सावल्या दिसतात. याच तत्त्वाशी मिळतेजुळते छायाकृतींचे तंत्र जर्मन दिग्दर्शिका लोटे रायनिगर यांनी १९२६ च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अख्मेद' या ॲनिमेशनपटात वापरले.

देवादिकांच्या कथा रेखाटनातून सांगाव्यात काय, हा प्रश्न आधुनिक काळातही उपस्थित झाला. युगो साको, कोइची सासाकी व राम मोहन यांच्या दिग्दर्शनाखालील 'रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम' (१९९३) या चित्रपटाच्या वेळी रामकथा 'कार्टून' स्वरूपात दाखवण्याच्या कल्पनेवर भारतात सुरुवातीस आक्षेप घेतले गेले. पुढे हा चित्रपट भारतीय प्रेक्षकांमध्ये लोकप्रिय झाला आणि २०२५ मध्ये तो चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला. रामकथा चित्रांतून दाखवण्याची चित्रकथीसारखी परंपरा पाहता अशा मांडणीला आधार जुनाच आहे. वादाचा मुद्दा चित्र असण्यापेक्षा ते कोण आणि कोणत्या भावनेने दाखवतो, हा असतो.

सद्यस्थिती

चित्रपट व दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर या कलेचा प्रेक्षक घटला. मणी कौल यांनी १९७० च्या दशकात 'चित्रकथी' हा माहितीपट केला. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी ठाकर आदिवासी कला अंगण या संग्रहालयाद्वारे चित्रे, बाहुल्या व वाद्ये यांचे जतन केले. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. आज चित्रकथी शैलीतील चित्रे स्वतंत्रपणे विकली जातात व त्यातून कलावंतांना उत्पन्न मिळते. मात्र चित्रांसोबतचे गायन व मौखिक आख्याने शिकणारी नवी पिढी घडणे, हे या परंपरेच्या अस्तित्वासाठी अधिक निर्णायक आहे.