माहितीपुस्तकाची घरची प्रत

शिवणयंत्र विकत घेतलें म्हणजे त्याबरोबर एक लहानसें माहितीपुस्तक मिळतें. तें कपाटांत वीस वर्षें पडून राहिलें तरी खोटें ठरत नाहीं; कारण मधल्या काळांत यंत्राची सुई किंवा चाक आपण होऊन पालटत नाहीं. सॉफ्टवेअरचें तसें नाहीं. तें वर्षांतून अनेकदां बदलतें, आणि त्याचें माहितीपुस्तकही मागोमाग बदलावें लागतें. हल्लीं हीं पुस्तकें बहुधा इंटरनेटवरच वाचलीं जातात. परंतु भर समुद्रांतील जहाज, किंवा सुरक्षिततेसाठीं बाहेरच्या जगापासून मुद्दाम तोडलेली कारखान्यांतील यंत्रणा, अशा ठिकाणीं पुस्तकाची प्रत जवळ नसेल तर काम अडतें. प्रत एकदां उतरवून घेणें सोपें आहे. ती ताजी ठेवणें हाच खरा प्रश्न होय.

ताजी म्हणजे काय, येथेंच पुष्कळांची गफलत होते. सर्वांत नवी ती ताजी, असें सहज वाटतें. पायथॉन या संगणकीय भाषेचें उदाहरण घ्यावें. तिची तिसरी आवृत्ति डिसेंबर २००८ मध्यें निघाली. दुसऱ्या आवृत्तींत ७ ला २ नें भागावयास सांगितलें तर उत्तर ३ येतें. तिसरींत तेंच उत्तर ३.५ येतें. विशेष हें कीं, दोन्ही ठिकाणीं संगणक कसलीही तक्रार करीत नाहीं. जुन्या यंत्रणेवर काम करणारा मनुष्य नवें पुस्तक उघडून बसला, तर हिशेब चुकतो आणि चुकल्याचें कळतही नाहीं. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजीं थांबली. पण ती जेथें अद्याप चालू असेल तेथें जुनें पुस्तकच ताजें. सुदैवानें पायथॉनचें पुस्तक प्रत्येक आवृत्तीसाठीं वेगळें उतरवून घेतां येतें. प्रतीच्या नांवांतच आवृत्तीचा अंक घातला म्हणजे घोटाळा टळतो.

या बाबतींत जुन्या मंडळींची रीत शहाणपणाची होती. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं लिहिलेल्या युनिक्सच्या माहितीपुस्तकाची पहिली आवृत्ति ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे. पुढें हीं पानें संगणकांतच राहूं लागलीं. आजही लिनक्सवर ‘मॅन’ असें लिहून पुढें आज्ञेचें नांव दिलें कीं तिचें पान उघडतें, आणि आज्ञेची नवी आवृत्ति बसविली म्हणजे बहुधा पानही तिच्याबरोबर बदलतें. तीं वाचतांना कोणी रंगून जाईल असें नाहीं, पण समोरच्या यंत्राशीं तीं जुळतात.

हजारों पानांच्या पुस्तकाची गोष्ट निराळी. मंद किंवा महाग जोडणीवरून दर महिन्याला सारेंच पुन्हां उतरविणें परवडत नाहीं. प्रकाशकानें सोय ठेवली असेल तर येथें आरसिंक हें साधन उपयोगी पडतें. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनीं तें १९९६ सालीं प्रसिद्ध केलें. घरचा संगणक जुन्या फाइलीचे ठराविक मापाचे तुकडे कल्पून प्रत्येकाची छोटी अंकरूप खूण मूळ ठिकाणीं धाडतो. तेथें नव्या फाइलींत तेच तुकडे शोधले जातात. जे सांपडतात ते पाठवावयाचे नाहींत, उरेल तेवढेंच पाठवावयाचें. मधें एखादा परिच्छेद घुसला तरी पुढें सरकलेले तुकडे ओळखूं येतात, ही यांतील खुबी. मात्र पुस्तक दाबून एका गठड्यांत बांधलेलें असेल तर आंतील लहानशा बदलानें पुढचा बराच भाग पालटतो आणि ही काटकसर साधत नाहीं. म्हणून सुटीं पानें बरीं.

मुळांतून काढलेलें पान घरच्या प्रतींतूनही जावें यासाठीं आरसिंकला निराळी सूचना द्यावी लागते. ती न दिल्यास रद्द झालेलीं पानें शोधांत वर येत राहतात. दिल्यास भय उलट बाजूचें : मूळ ठिकाण कोणाच्या चुकीनें रिकामें झालें, तर घरचीही प्रत रिकामी होते. यासाठीं जुन्या प्रतीची नक्कल करून त्या नकलेवरच हें काम करावें. मग इंटरनेटची जोडणी तोडून ती उघडावी. कारण कित्येक पानें आपलीं चित्रें गुपचूप दुसरीकडून आणीत असतात, आणि जोडणी असेपर्यंत तें ध्यानांत येत नाहीं. सर्व ठीक दिसल्यावरच जुनी प्रत बाजूला ठेवावी.