एका पेशीत दोन विषाणू

करोनाच्या 'एक्सएफजी' या उपप्रकाराचं नाव जून २०२५ मध्ये वृत्तवाहिन्यांवर झळकू लागलं, तेव्हा मराठी प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरले ते दोन आकडे. 'इन्साकॉग' या जनुकक्रम तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या जाळ्याच्या नोंदीनुसार देशात त्याचे १६३ रुग्ण आढळले होते आणि त्यांतले ८९ एकट्या महाराष्ट्रातले होते. २५ जून २०२५ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला देखरेखीखालच्या उपप्रकारांच्या यादीत घातलं. जगभर तपासल्या गेलेल्या नमुन्यांत त्याचा वाटा चार आठवड्यांत ७.४ टक्क्यांवरून २२.७ टक्क्यांवर गेला होता. अतिरिक्त धोका कमी आहे, असंही संघटनेनं त्याच वेळी सांगितलं, पण ते वाक्य मथळ्यांत फारसं दिसलं नाही.

मथळ्यांतून सुटलेली आणखी एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. करोनाच्या ज्या उपप्रकाराचं नाव 'एक्स'नं सुरू होतं, तो संकरातून जन्मलेला असतो. एक्सएफजी हा एलएफ.७ आणि एलपी.८.१.२ या दोन उपप्रकारांचा संकर आहे. उत्परिवर्तन, म्हणजे म्युटेशन, हा शब्द पाच वर्षांत घराघरांत पोचला. एकेक अक्षर चुकत चुकत विषाणू बदलतो, हे सगळ्यांना ठाऊक झालं. पण करोनाकडे याहून वेगवान वाट आहे, ती पुनर्संयोजनाची. तिच्याकडे मात्र आपलं लक्ष अजून पुरेसं गेलेलं नाही.

करोनाचा जनुकसंच सुमारे ३० हजार अक्षरांचा, म्हणजे आरएनए विषाणूंमध्ये बराच लांबलचक. त्याच्याकडे चुका दुरुस्त करणारं विकरही आहे, त्यामुळे निव्वळ चुकांच्या जोरावर तो बेताच्याच वेगानं बदलतो. एकाच माणसाच्या एकाच पेशीत दोन उपप्रकार शिरले की चित्र पालटतं. नक्कल करणारं विकर एका विषाणूचा आरएनए वाचता वाचता मध्येच सुटतं आणि दुसऱ्याच्या आरएनएवर, जवळपास त्याच जागी जाऊन बसतं. दोन पोथ्या पुढ्यात ठेवून नक्कल करणाऱ्या लेखनिकाची नजर हललेली असावी, तसं काहीसं. तयार झालेली प्रत पहिल्या अध्यायांपुरती हिची आणि पुढे तिची. ही उडी अपघातानं पडते असंही नाही. पेशीत एकटाच करोना असला तरी आपली प्रथिनं घडवण्यासाठी लागणारे आखूड आरएनए तो अशाच उड्या मारून तयार करतो. उडी ही त्याची रोजची कामाची पद्धत आहे.

हे ज्यांनी दाखवून दिलं, त्या मायकेल लाय यांचं नाव कोविडच्या गदारोळात फारसं कुणी घेतलं नाही. तैवानमध्ये वैद्यकीचं शिक्षण घेतलेले लाय अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात उंदरांना होणाऱ्या करोनावर काम करत होते. करोना म्हणजे माणसाला फार तर सर्दी करणारा विषाणू, अशी तेव्हाची समजूत होती. इन्फ्लुएन्झाचा जनुकसंच तुकड्यातुकड्यांचा असल्यानं त्याचे तुकडे एकमेकांत मिसळतात, हे माहीत होतं. पण सलग एकाच धाग्याच्या आरएनए विषाणूंत संकराची उदाहरणं पोलिओसारख्या मोजक्या विषाणूंपुरतीच होती. लाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या करोनाचे दोन वाण एकाच वेळी पेशींत वाढवले. त्यांतल्या एकाला वाढीव तापमान सोसत नव्हतं. त्या तापमानात जे विषाणू तगले, त्यांत दोन्ही वाणांचे तुकडे एकमेकांना जोडलेले सापडले. हा शोधनिबंध १९८५ चा. पुढे लाय यांचे तेव्हाचे तरुण सहकारी राल्फ बॅरिक यांनी हिशेब मांडला, तेव्हा संपूर्ण जनुकसंचाच्या लांबीत संकराचं प्रमाण तब्बल २५ टक्क्यांच्या आसपास निघालं. म्हणजे करोना संकर करतो हे २०२० मध्ये नव्यानं शोधायची गरजच नव्हती. प्रश्न होता तो संकर वेळेत ओळखण्याचा.

ओळखणं किती निसरडं असतं, याचे धडे सायप्रसनं दिले. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या एका प्रयोगशाळेनं 'डेल्टाक्रॉन' हा डेल्टा आणि ओमायक्रॉनचा संकर सापडल्याचं जाहीर केलं आणि जगभर खळबळ उडाली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या टॉम पीकॉक यांच्यासह अनेकांनी तो जनुकक्रम पाहून सांगितलं, की हे बहुधा प्रयोगशाळेत दोन नमुने मिसळल्यामुळे झालं असावं. दोनच महिन्यांत डेल्टा-ओमायक्रॉनचा खराखुरा संकर पुढे आला, पण तो फ्रान्समधून. पुढच्याच वर्षी त्याच सायप्रसमध्ये मांजरं पटापट मरू लागली. मांजरांच्या करोनानं कुत्र्यांच्या करोनाचं स्पाइक, म्हणजे पेशीला चिकटणारं प्रथिन उचललं होतं. एरवी एका मांजराच्या पोटात बदलून तिथेच थांबणारा जीवघेणा आजार आता एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागला. हजारो मांजरं दगावली. अखेर सरकारनं माणसांसाठी साठवलेल्या कोविडच्या गोळ्या मांजरांना द्यायला परवानगी दिली. स्पाइक बदललं की आजाराची चालच बदलू शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

माणसांत हे ठळकपणे दिसलं ते एक्सबीबीमध्ये. २०२२ च्या मध्याला, बहुधा भारतीय उपखंडात, बीजे.१ आणि बीएम.१.१.१ हे ओमायक्रॉनचे दोन वंशज एकत्र आले आणि त्यांचा सांधा स्पाइकच्या नेमक्या त्या भागात जुळला, जो आपल्या पेशीला चिकटतो. त्या दोघांपैकी एकालाही एकट्याच्या बळावर जगभर मुसंडी मारता आली नव्हती. त्यांच्या संकरानं ऑक्टोबरमध्ये सिंगापूरमध्ये लाट आणली, त्याच्या एक्सबीबी.१.५ या शाखेनं अमेरिकेतला हिवाळा व्यापला आणि एक्सबीबी.१.१६ मुळे २०२३ च्या उन्हाळ्यात भारतात रुग्ण वाढले. त्या वर्षीच्या सुधारित लशी एक्सबीबी.१.५ डोळ्यांपुढे ठेवूनच बनवल्या गेल्या.

तरीही दरवेळी 'एक्स' म्हणजे संकट, असा अर्थ काढायचं कारण नाही. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई महापालिकेनं एक्सई या संकराचा रुग्ण सापडल्याचं जाहीर केलं आणि काही तासांतच केंद्रीय आरोग्य खात्याच्या सूत्रांनी जनुकक्रमाचा पुरावा एक्सईशी जुळत नसल्याचं सांगितलं. महाराष्ट्र आधीच धास्तावला होता. जगात ज्या एक्सईची एवढी चर्चा झाली, तोही लाट न आणताच मागे पडला. बहुतेक संकर असेच विरून जातात.

मग महाराष्ट्रातल्या त्या ८९ रुग्णांचं काय? या आकड्यातून कुठे साथ आहे यापेक्षा कुठे तपासणी आहे, हेच जास्त कळतं. राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्यात आहे, तिथेच बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाची प्रयोगशाळा आहे, मुंबईत कस्तुरबा रुग्णालयात २०२१ पासून जनुकक्रम लावायची सोय आहे. जिथे शोध घेतला जातो, तिथे सापडतं. ज्या राज्यांचे आकडे छोटे दिसतात, तिथे विषाणू कमी फिरतो आहे, असं त्यावरून म्हणता येत नाही.

खरी काळजी इथेच आहे. संकर ओळखायचा तर सलग, संपूर्ण जनुकक्रम हाती हवेत आणि दोन्ही जनक आधीपासून नोंदीत असावे लागतात. २०२१ च्या मानानं जगभर जनुकक्रम तपासणी आटली आहे. साथ ओसरल्यावर प्रयोगशाळांचा निधी आधी कापला जातो. पुण्यात सांडपाण्याच्या नमुन्यांतून करोनाचा माग काढण्याचं काम झालं आहे. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहणारी ही पद्धत राज्यातल्या प्रत्येक मोठ्या शहरात कायमची हवी. श्वसनाच्या तीव्र त्रासानं दाखल होणाऱ्या रुग्णांचे नमुनेही साथ असो वा नसो, जनुकक्रमासाठी नियमित पाठवले गेले पाहिजेत. राज्याच्या आरोग्य विभागानं त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि ती पुढच्या लाटेच्या आधी करावी.